बाबांना ‘अहो’, पण देवाला ‘तू’

ताई, सलाम.

मी नगरची. सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात नर्स आहे. मिस्टर, मी आणि चौदा वर्षांची मुलगी. रविवारी जमेल तेव्हा इथल्या चर्चला जातो. माणसं चांगली आहेत, गाणीही पाठ झाली. पण एकटी प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्दच फुटत नाही. इंग्रजीत बोलू पाहते तर पाळकांचं ऐकलेलं येतं, मराठीत बोलू पाहते तर बाबांचं येतं. माझं असं काही येत नाही. मुलीने परवा सांगितलं, “मी तुमच्या प्रार्थनेला बसणार नाही.” सासूबाई फोनवर विचारतात, कौटुंबिक प्रार्थना होते ना? मी ‘हो आई’ म्हणते आणि फोन ठेवून रडते. देव माझ्यापासून दूर गेला की मी त्याच्यापासून?

— एक बहीण

प्रिय बहिणी, तुला सलाम.

तू रडतेस ते खोटं बोलावं लागतं म्हणून. ज्या बाईला देवाचं काहीच वाटेनासं झालंय, तिला असल्या खोट्याने रडू येत नाही. म्हणून कोण कुणापासून दूर गेलं याचा हिशेब आपण आज मांडायचा नाही.

‘माझं असं काही येत नाही’ या तुझ्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तुझ्याच इंग्लंडमध्ये झाला, वाँटेज गावी, १८८३ साली. पुराणं मुखोद्गत असलेली ती विदुषी. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी सरळ कबूल केलंय की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेत फिरल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. काम जोरात चाललं होतं आणि आत ही जागा रिकामी होती. तुला सहाच वर्षं झालीत, आणि आपली जागा रिकामी आहे हे तुला कळलंय. मला हे लहान वाटत नाही.

आता भाषेचं. आपल्या नगरकडच्या जुन्या घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात, पाळकसाहेबांना तर ‘तुम्ही’च. पण प्रभूची प्रार्थना आठव: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त अदब हवी, त्याला आपण आईसारखं ‘तू’ म्हणतो. आजच्या इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे ही जवळीक तिथे कानाला जाणवत नाही. इंग्रजी उपासनेत काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जिच्या जिभेला जन्मापासून ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे कळतात, तिने देवाशी भांडायचं, रुसायचं, तर ते त्या ‘तू’मधूनच निघेल.

येशूचंही तेच झालं. वधस्तंभावर त्याने बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण म्हटला. ते स्तोत्र हिब्रू, पण शुभवर्तमानात मार्काने लिहून ठेवलेले शब्द अरामी आहेत, त्याच्या घरच्या बोलीतले: ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी.’ मार्क ग्रीकमध्ये लिहीत होता, तरी एवढे शब्द त्याने आधी जसेच्या तसे ठेवले आणि मग अर्थ दिला. माझ्या देवा, तू मला का सोडलंस? शेवटच्या घटकेला ओठांवर आली ती तक्रार, आणि तीसुद्धा मातृभाषेत.

माझं सांगते. परदेशातल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात आई गेली. मला मातीला पोचता आलं नाही. पुढे दोन-तीन महिने मी गुडघे टेकायचे, ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या’ म्हणायचे, आणि पुढे काहीच नाही. एका संध्याकाळी बाजरीची भाकरी करायला घेतली. दुकानातलं पीठ किती दिवसांचं होतं कोण जाणे, त्याची विरी गेली होती. परातीत थापली की कडेने चिरायची, उचलली की हातातच दोन तुकडे. तिसरी मोडली तेव्हा ओट्याला टेकून मी मोठ्याने म्हणाले, “देवा, हे पण जमेना रे मला. आई असती तर विचारलं असतं. तू का नेलीस तिला, मी पोचायच्या आत?” ‘आमेन’सुद्धा म्हटलं नाही. पण कित्येक वर्षांत मी पहिल्यांदाच देवाशी बोलले होते. त्याआधीचं सगळं मी म्हणत आले होते.

तेव्हा तू एवढंच कर. ड्यूटी संपली की गाडीत बस, किल्ली लावू नकोस, आणि मराठीत एक स्तोत्र मोठ्याने वाच. तेराव्यापासून सुरू कर. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोन ओव्यांत स्तोत्रकर्ता दावीद ‘अजून किती दिवस?’ हे चार वेळा विचारतो. शेवटी तो गाऊ लागतो, पण तू त्याच दिवशी तिथवर पोचायलाच हवं असं नाही. दुसऱ्या ओवीवर अडकलीस तर तिथेच थांब आणि वॉर्डात काय झालं ते सांग. कोणता पेशंट गेला, कोणाचं बोलणं लागलं. नीट वाक्यं करू नकोस. वेळही मोजू नकोस.

सलग रात्रपाळ्या असतील तर आधी झोप. बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. देवाचा शांत, मंद वाणीतला शब्द त्यानंतर आला. आणि झोपूनही मन उठेनासं झालं, जेवण जाईनासं झालं, तर डॉक्टरांना भेट. तू नर्स आहेस, दुसऱ्या कुणाला तू हेच सांगितलं असतंस.

मुलीबद्दल मला जरा कडक बोलायचंय, राग मानू नकोस. तुमच्या प्रार्थनेत तिला काय ऐकू येतं? ‘प्रभू, हिला मोबाइलपासून दूर ठेव, हिला आज्ञाधारक बुद्धी दे.’ हे आपण सगळ्यांनी केलंय. देवाचं नाव घ्यायचं आणि लेकरांना सुनवायचं. चौदा वर्षांच्या मुलीला ते बरोबर कळतं, आणि मग तिला वाटतं, देव म्हणजे आईच्या बाजूने बोलणारा आणखी एक मोठा माणूस. हे आजपासून बंद कर.

कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मुलाला घेऊन, सोवळंओवळं पाळत. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, नवऱ्याच्या हुकमाने नव्हे, स्वतःच्या मनाला पटल्यावर. एवढ्या मोठ्या कवीला घरच्या माणसाची पाच वर्षं वाट पाहावी लागली.

मुलीला बसवू नकोस. रात्री तिच्या खोलीच्या दाराशी जा, डोक्यावर हात ठेवू देत असेल तर ठेव, ‘देव तुझं रक्षण करो’ म्हण आणि निघ. आणि कधी ती आपणहून प्रार्थना करू लागली तर इंग्रजीत करू दे. तुला मराठीचा जो हक्क आहे, तोच तिला इंग्रजीचा आहे. ती तिची घरची बोली झाली आहे, तिचं भांडणही त्याच भाषेत निघणार. ‘मराठीत म्हण ना बाळा’ असं मध्येच टोकू नकोस.

राहिल्या सासूबाई. रात्रपाळी सुटून तू गाडीत बसतेस तेव्हा तिकडे दुपार असते, त्यांचं जेवण उरकलेलं असतं. एक दिवस तिथूनच फोन लाव. मिस्टर, मुलगी कोणी जवळ नको. सांग, “आई, आमच्या घरी प्रार्थना होत नाही. मला जमत नाही. आज तुम्ही करा माझ्यासाठी.” मग काही बोलू नकोस. फोन कानाला धर आणि त्या माउलीला बोलू दे.

तुझी ताई