गावच्या वाचनालयाचे विश्वस्त झालात, आता सही कुठे करायची आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडील गेल्यावर त्यांच्या जागी तुम्हाला वाचनालयाच्या संस्थेवर घेतलंय, अकरा विश्वस्तांतले काहीजण वारले, काही मुलांकडे शहरात राहायला गेले, सगळा कारभार अध्यक्षकाका एकटेच बघतात, मीटिंगा फोनवर होतात आणि आता ते म्हणतायत की तू काही सारखी गावाला येणार नाहीस तर चेकवर आगाऊ सह्या करून ठेव.

सही करू नका. कोऱ्या चेकवर तर अजिबातच नाही, काका देवमाणूस असले तरी नाही. उद्या काही झालं तर ते तुमच्याच सहीचे चेक असणार आणि "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकून घेत नाही. महिन्यातून एकदा बिलं व्हॉट्सअॅपवर मागवा, बघा, आणि मग सही करा, किंवा गावात राहणाऱ्या दुसऱ्या विश्वस्ताला सहीचे अधिकार द्यायचा ठराव करा. काम अडलं नाही पाहिजे हे काकांचं म्हणणं बरोबरच आहे पण त्याला हा उपाय नव्हे.

त्याआधी मुळात तुम्ही विश्वस्त आहात का हे बघा, मी चेष्टा करत नाहीये. सभासदांनी निवडून दिलेल्या संस्थेत वडिलांची जागा आपोआप मुलीला मिळत नाही, संस्थेच्या घटनेत म्हणजे नियमावलीत रिकामी जागा भरायची जी पद्धत लिहिलीय तसा ठराव व्हावा लागतो, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० (जुने लोक अजून बॉम्बे ट्रस्ट अॅक्टच म्हणतात) त्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची रीतसर खबर) द्यावा लागतो. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, म्हणजे संस्थेची आणि विश्वस्तांच्या नावांची तिथली अधिकृत नोंद. माझा अंदाज सांगतो, त्यात तुमचं नाव नसेल आणि वारलेली माणसं सुखाने नांदत असतील. बँक, ग्रंथालयाचं अनुदान, आयकर, सगळीकडे हाच उतारा मागतात. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून चेंज रिपोर्ट देता येतो, वकील करतात ते काम, पण जितकी जुनी भानगड तितका जास्त वेळ.

दुसरं, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. ताळेबंद कळला नाही तरी चालेल, त्याच्यासोबत याच कायद्याच्या नियम १९ खालची ऑडिटरची प्रश्नावली असते तेवढी वाचा. ती कोणी वाचत नाही, ऑडिटरच्या ऑफिसातला पोरगा मागच्या वर्षीची कॉपी पेस्ट करतो आणि अध्यक्ष खाली सही ठोकतात. पण त्यात अगदी मोलाचं विचारलेलं असतं. रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का, घटनेत सांगितलेली विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या पाळली का, मीटिंग नियमित झाल्या का, प्रोसिडिंग बुक (सभेत काय ठरलं ते लिहायची वही) ठेवलंय का, कोणी विश्वस्त संस्थेचं देणं लागतो का किंवा संस्था त्याचं, ५००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला टेंडर मागवलं का, मागच्या वर्षीच्या त्रुटी दूर केल्या का. एकेका प्रश्नापुढचं उत्तर वाचायचं आणि त्याचा कागद दाखवा म्हणायचं. "मीटिंग नियमित" असं लिहिलंय आणि प्रोसिडिंग बुक दोन वर्षं कोरं आहे, असं निघालं तर तुम्हाला संस्थेची तब्येत कळली. चांगला कारभार म्हणजे काय यावर लोक शिबिरं भरवतात, मला विचाराल तर ही प्रश्नावली दरवर्षी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली तरी निम्मं काम होतं.

देणं-घेणं हा मुद्दा तुमच्याकडे नक्की असणार. लहान संस्थेत अध्यक्ष स्वतःच्या खिशातून लाइट बिल भरतात, पत्रे टाकतात आणि मग ते "अध्यक्षांकडून हातउसने" म्हणून ताळेबंदात चढतं. भावना चांगलीच असते, पण संस्थेसाठी कर्ज घ्यायला कलम ३६अ(३) प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. देणगी म्हणून द्यायचे असतील तर पावती फाडा आणि विषय संपवा, नाहीतर पुढे त्यांचा मुलगा येऊन पैसे मागतो तेव्हा कोणालाच काही आठवत नाही.

आता ठराव कसा लिहितात ते. बहुतेक ठिकाणी असं सापडतं: "कपाटे खरेदी करण्याचे सर्वानुमते ठरले." संपलं! किती, कोणाकडून, कितीला, काही नाही. त्याऐवजी तीन लोखंडी कपाटं, तीन दुकानांची कोटेशन सभेपुढे ठेवली, अमुक कोटेशन सर्वात कमी म्हणून मंजूर, खर्च या रकमेच्या वर जाणार नाही, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि दुकानदार अध्यक्षांचे साडू असल्याने अध्यक्ष या विषयापुरते बाहेर बसले व त्यांनी मत दिलं नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. नातेवाइकाकडून घेणं मुळातच पाप आहे असं नाही, गावात दुकानं तरी किती असतात. पण नातं लपवलं, जास्त भावाने घेतलं तर आयकरवाले संस्थेचा फायदा विश्वस्तांच्या माणसाला दिला असं धरतात आणि करमाफीच धोक्यात येते. विरोध असेल तर "माझा विरोध नोंदवावा" म्हणा आणि तो लिहिलेला बघूनच सही करा. पानांना नंबर हवेत, दोन ठरावांच्या मध्ये मोकळी जागा नको (ती कशासाठी सोडतात ते सांगायला नको), आणि घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या गोळा करायची पद्धत तर बंदच करा.

माझ्या माहितीतल्या एका वसतिगृहाच्या संस्थेत नेमकं यावरूनच पेटलं. सिमेंट अध्यक्षांच्या मेव्हण्याकडून आलं, भाव बाजारापेक्षा कमीच होता, पण ठराव नाही आणि कोटेशन नाही. दुसऱ्या गटाने बोंब ठोकली, दोन वेगवेगळ्या सभा झाल्या, दोन कार्यकारिणी निवडल्या गेल्या, दोघांनीही चेंज रिपोर्ट दाखल केले आणि मग तारखा सुरू. बँकेने सह्यांवरून हात वर केले. तिकडे स्वयंपाकिणीचा पगार थांबला, किराणावाल्याने उधारी बंद केली, पोरांना घरून डबे यायला लागले. पैसे कोणीच खाल्ले नव्हते हो!

जागेचं एक लक्षात ठेवा. वाचनालय जर बाजारपेठेत असेल तर कोणीतरी बिल्डर किंवा दुकानदार येणारच. संस्थेची स्थावर मालमत्ता विकणं, बदलणं, बक्षीस देणं, किंवा इमारत-बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने देणं, याला कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नुसता ठराव कितीही एकमताने झाला तरी पुरत नाही. "आधी अॅडव्हान्स घेऊ, परवानगी नंतर बघू" असं म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो.

देणग्यांचं फार ताणत नाही, संस्थेकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची ८०जी मान्यता असेल तर २००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला सवलत मिळत नाही, त्यामुळे चेक किंवा यूपीआय, आणि पावती पुस्तकांना छापील अनुक्रमांक. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलंय त्याची वही ठेवा, अर्धी पुस्तकं गणपतीत वाटली जातात आणि दिवाळीपर्यंत परत येत नाहीत.

राहिला काकांचा प्रश्न. त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं बोलू नका, त्यांनी इतकी वर्षं कुलूप उघडलं म्हणून वाचनालय आहे. बँकेचं नाव पुढे करा. "काका, बँकवाले केवायसीला नवीन उतारा मागतायत, चेंज रिपोर्ट करावा लागेल, त्यासाठी एक रीतसर सभा घेऊया, अजेंडा मी टाइप करून आणते." जुन्या माणसांना कागदाचा कंटाळा असतो, तो तुम्ही उचललात तर बहुतेकजण सुटल्यासारखे होतात. आणि नाहीच ऐकलं, उलट चिडले, तर सगळं पत्राने मागा आणि पोच घ्या.

काहीजण तुम्हाला सरळ राजीनामा द्यायचा सल्ला देतील. द्यायचा तर लेखी द्या, पण तो मंजूर झाल्याचा ठराव होऊन त्याचाही चेंज रिपोर्ट जायला हवा, नाहीतर परिशिष्टावर नाव तसंच राहतं आणि नोटीस निघाली की तुमच्याच पत्त्यावर येते. म्हणून आधी उतारा काढा आणि घटनेतला रिकाम्या जागा भरण्याचा नियम इथे टाइप करून टाका, नावं-गावं खोडून. मग पुढे काय करायचं ते बघू.