कृषी सल्ला : घरच्या ऑर्किडची कीड आधी काढा, रोपं नंतर वाढवा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

डाळिंब, द्राक्ष आणि कांद्याच्या प्रश्नांसोबत अलीकडे घरातल्या ऑर्किडविषयीही विचारणा होऊ लागली आहे. कुणाला भेट म्हणून कुंडी मिळालेली असते, कुणी पुण्याहून रोपटं आणलेलं असतं. बहुतेकांचे प्रश्न दोनच : कीड कशी घालवायची आणि एकाची चार रोपं कशी करायची. दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो, कारण किडलेल्या झाडापासून रोप केलं तर त्या रोपाबरोबर कीडही दुसऱ्या कुंडीत जाते.

प्रश्न (जुळे सोलापूर, एक ताई) : डेंड्रोबियम ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं. पाण्यानं धुतलं तरी आठवड्यात परत येतं. कुंडीवर मुंग्याही फिरतात. काय फवारावं?

ताई, हा पिठ्या ढेकूण आहे. द्राक्ष बागायतदारांना याची चांगलीच ओळख आहे. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी त्याच्यावरून घरंगळून जातं. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. वरचे ढेकूण धुऊन गेले तरी अंडी बेचक्यातच राहतात, म्हणून तो पुन्हा येतो. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात, त्याला राखतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही. तो चिकटा पानांवर राहिला की त्यावर काळी काजळी धरते.

फवारणीच्या आधी हातानं साफसफाई करा. कुंडी इतर झाडांपासून दूर न्या. डेंड्रोबियमच्या कांडीवर वाळलेल्या पापुद्र्यासारखं आवरण असतं. ते नखानं अलगद सोलून पाहा. निम्म्याहून जास्त ढेकूण त्याखालीच दडलेले सापडतील. वरून हिरवीगार दिसणारी कांडी आत पांढरी निघते, आणि लोक नेमकं हेच बघायचं विसरतात. मग मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला ते लावून प्रत्येक ढेकूण आणि प्रत्येक पिशवी टिपून घ्या. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. पान भाजलं नाही तर बाकी झाडाला लावा. हे काम संध्याकाळी, सावलीत करा. अल्कोहोल लगेच पेट घेतं, त्यामुळे देवघराच्या दिव्याजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नको.

झाड कुंडीतून काढून मुळंही पाहा. कुंडीच्या तळाच्या भोकांतही पिठ्या बसतो. मुळांत सापडला तर जुनं माध्यम (ज्यात ऑर्किड लावतात तो कोळसा, सोडण वगैरे) फेकून द्या, मुळं साध्या पाण्यानं धुवा आणि नवीन माध्यमात लावा. त्यानंतर १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवरूप साबण घालून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. कपड्यांची पावडर वापरू नका. दर ७ दिवसांनी, निदान ३ वेळा हे करावंच लागतं, कारण आज अंड्यात असलेली पिल्लं पुढच्या आठवड्यात बाहेर येतात. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि तिथंच हात थांबतो. मग तक्रार येते की औषध लागू पडलं नाही.

मुंग्यांचीही वाट अडवा. पाणी भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. द्राक्षबागेत पिठ्यावर सोडतात तो क्रिप्टोलेमस भुंगेरा गॅलरीत सोडून उपयोग नाही, तो उडून जातो.

कांडीला घट्ट चिकटलेले तपकिरी किंवा पांढरट ठिपके नखानं उचकटून निघत असतील तर ती खवले कीड आहे. तिलाही हाच उपाय, फक्त काडीऐवजी मऊ जुना टूथब्रश घ्या. कवचाखालची मोठी मादी फवाऱ्याला दाद देत नाही, नुकती निघालेली रांगती पिल्लं मात्र मरतात. म्हणून इथेही सलग फवारण्या लागतातच.

प्रश्न (पंढरपूर तालुका, द्राक्ष बागायतदार) : उन्हाळ्यात ऑर्किडची पानं खालून चंदेरी, खरखरीत झाली. बागेसाठी आणलेलं कीटकनाशक, गंधक किंवा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) घरी मारलं तर चालेल का?

दादा, आधी कीड ओळखा. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके हलू लागले आणि बोटानं चिरडल्यावर लालसर रेघ उमटली, तर तो लाल कोळी. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याला मारत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीनं वाढतो.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढं जातो आणि दुपारची हवा पार कोरडी होते. कोळ्याला नेमकं हेच मानवतं. अशा उष्णतेत त्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. ऑर्किडला हवेत साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडच्या ऑर्किडला पाणी मिळतं, पण हवेतली ओल मिळत नाही, आणि बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. म्हणून उपायही हवेपासूनच सुरू करा. कुंडी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, ७५ टक्क्यांची शेडनेट लावा, खाली वाळू किंवा खडी भरलेल्या ट्रेमध्ये पाणी ठेवा, सकाळी पानं खालच्या बाजूनं जोरकस फवाऱ्यानं धुवा. पाण्याच्या धारेनं कोळी आणि त्याची जाळी दोन्ही धुऊन जातात. तीन-चार दिवसांच्या अंतरानं हे नेमानं केलं तर अनेकदा औषधाची वेळच येत नाही. पानांच्या मधल्या कोंबात मात्र पाणी साचू देऊ नका. फॅलेनॉप्सिस या रुंद पानांच्या ऑर्किडमध्ये तर अजिबात नको, कोंब कुजतो.

आता तुमच्या औषधांचं. पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण तापमान ३० अंशांच्या वर असताना ते पान जाळतं. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते बादच. तेलाची फवारणी झाल्यावर निदान दोन आठवडे गंधक मारू नका. बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधं डेंड्रोबियमला सोसत नाहीत. फुलावर असलेल्या कुठल्याच ऑर्किडवर ती नकोत.

आणि बागेतली उरलेली कीटकनाशकं घरात आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वात कमी. शेतात वाऱ्याची दिशा बघून, अंगभर कपडे आणि मास्क घालून मारायचं औषध बंद गॅलरीत मारलं तर ते हवेत, फरशीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राहतं. तिथंच पोरं खेळतात. एका कुंडीसाठी एवढा धोका पत्करायचं कारण नाही.

कळ्या उमलायच्या आधीच गळत असतील किंवा पाकळ्यांवर पांढरट रेघा असतील, तर फुलकिडे आहेत. जवळपास कांदा किंवा मिरची निघाली की ते घराकडं वळतात. निळे चिकट सापळे लावा आणि खराब झालेली फुलं तोडून पिशवीत बांधून टाका.

प्रश्न (मोहोळ) : कुंडीतल्या कोळशावर पांढरा थर येतो, मुळांची टोकं काळी पडतात. ही बुरशी आहे का?

बुरशी नव्हे, क्षार. बोअरचं जड पाणी रोज घातलं की ते उडून जातं आणि क्षार कोळशावर नि नारळाच्या सोडणावर राहतात. मुळाचं कोवळं हिरवं टोक त्यांनीच जळतं. पावसाचं पाणी पत्र्यावरून ड्रममध्ये साठवा, नाहीतर आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी देऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर स्वच्छ पाणी वाहू द्या. खतही हलक्या हातानं : १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) दर आठवड्याला १ लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि तेही माध्यम ओलं असताना. माती तर कधीच घालू नका. कोळसा, विटेचे तुकडे आणि दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवलेलं नारळाचं सोडण पुरे. आपल्या कोरड्या हवेत सोडणाचं प्रमाण थोडं वाढवलं तर चालतं.

प्रश्न (सांगोला, डाळिंब बागायतदार) : डाळिंबासारखं गुटी कलम करून ऑर्किडची रोपं करता येतील का? कोणत्या महिन्यात करावं?

गुटी कलमात आपण सालीचं कडं काढतो, आणि साल व लाकूड यांच्यातल्या थराच्या जोरावर तिथं मुळं फुटतात. ऑर्किड एकदल आहे, ज्वारी आणि उसासारखं. त्याला तशी साल नाही, तो थरही नाही. त्यामुळे कडं काढलं तर कांडी मरेल. पण डेंड्रोबियमची कांडी उसासारखीच डोळ्यांची असते, आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे.

फुलून गेलेली, पानं गळालेली पण अजून हिरवी, टणक कांडी निवडा. तिची दोन-तीन डोळ्यांची टिपरी करा. काप दोन डोळ्यांच्या मध्ये घ्या, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या. ही पूड फक्त कापावर लावायची, मुळांना लागली तर ती मुळं सुकवते. मग ओलसर स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा पिळून घेतलेल्या सोडणाच्या काथ्यावर टिपरी आडवी ठेवा, पुरू नका. झाकण अर्धवट उघडं ठेवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओल टिकते. दीड-दोन महिन्यांत डोळ्यातून पिल्लू, म्हणजे नवं रोपटं, फुटतं. सगळीच टिपरी फुटत नाहीत, काही कुजतात. कुजलेली लगेच काढा, नाहीतर शेजारची बिघडतात.

कधीकधी झाडावरच, कांडीच्या वरच्या डोळ्यातून पिल्लू येतं. त्याला घाई करू नका. पिल्लाची मुळं ५ ते ७ सेंटिमीटर होईपर्यंत ते आईवरच राहू द्या, मग कांडीचा छोटा तुकडा ठेवून कापा आणि लहान कुंडीत लावा. मोठी कुंडी देण्याचा मोह टाळा, त्यात ओल साचून मुळं सडतात. मोठ्या झुडपाची विभागणी करत असाल तर प्रत्येक भागात निदान तीन-चार कांड्या आणि एक तरी नवा कोंब हवा. दोन-दोन कांड्यांचे तुकडे केले तर रोपं वाढलेली दिसतील, पण फुलं यायला बराच काळ वाट पाहावी लागेल.

फॅलेनॉप्सिसला कांड्या नसतात, म्हणून विभागणी नाही. फुलांच्या दांड्यावरच्या डोळ्यातून क्वचित पिल्लू येतं. ते यावं म्हणून बेंझिल अ‍ॅडेनाइन असलेली तयार पेस्ट मिळते. द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं ६-बीए हे संजीवक (झाडाची वाढ घडवणारं द्रव्य) हेच. झाड दणकट असेल तर एकाच डोळ्याला, मोहरीएवढी लावा. अशक्त झाडाला लावली तर आई आणि पिल्लू दोन्ही जातात. वांडा या उंच वाढणाऱ्या ऑर्किडचा शेंडा मात्र दोन-तीन चांगली हवाई मुळं असतील तर त्यांच्याखाली कापून वेगळा लावता येतो, आणि बुंध्यालाही नवे कोंब येतात.

महिना विचारलात, तर मृगाचा पाऊस होऊन हवेत ओल आली की सुरुवात करा. जून-जुलैमध्ये नवे कोंब आणि मुळं निघत असतात, तीच वेळ साधा. मार्च ते मे या काळात कापाकापी नको. झाड फुलावर असतानाही नको.

आणि कापायच्या सुरीची पाती. प्रत्येक झाड कापल्यावर पातं गॅसच्या ज्योतीवर लाल करून थंड होऊ द्या, मगच दुसऱ्याला लावा. अल्कोहोलनं ओलं असलेलं पातं ज्योतीजवळ नेऊ नका. ऑर्किडवरचे विषाणू रसातून, पात्यावाटे पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही. पानावर विचित्र पिवळट-काळ्या कड्या किंवा चट्टे असलेल्या झाडापासून रोप करूच नका, ते वेगळं काढा.

प्रश्न (बार्शी) : ऑर्किडला बोंड धरलं आहे. बी पेरून रोपं होतील का?

घरी होणार नाहीत. एका बोंडात धुळीसारखं लाखो बी असतं, पण त्यात कोंबाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. रानात ठरावीक बुरशी त्याला अन्न पुरवते. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात, बुरशीशिवाय हे बी उगवून दाखवलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत अशी रोपं होतात. बोंड झाडाची बरीच ताकद खातं, म्हणून हौसेपुरतं बघून झालं की काढून टाका.

नवीन जात हवी असेल तर रोपवाटिकेतून बाटलीतलं किंवा कुंडीतलं रोप घ्या. आंबोली-महाबळेश्वरच्या रानातून, झाडावरून ओरबाडून आणू नका. तिथली ऑर्किड आपल्या उन्हाळ्यात तगतही नाहीत. आणलेलं नवं रोप तीन-चार आठवडे इतरांपासून लांब ठेवा, आणि त्या काळात दर आठवड्याला पापुद्र्याखाली, पानामागे आणि कुंडीच्या भोकांत बघत जा.