रायफलच्या काडतुसात दारू कमी भरली तर उरलेल्या जागेत फिलर घालावा का?

तुम्ही कॅनडातून विचारलंय की .३०३ रायफलसाठी हलकी काडतुसं भरताना पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, निम्मी रिकामी राहते, क्लबातले जुने लोक वर फिलर म्हणून डॅक्रॉनचा (उशीत भरतात त्या कृत्रिम धाग्याचा) पुंजका घालायला सांगतात, तर घालावा का. माझं मत विचाराल तर घालू नका, दारू बदला. एवढं ठामपणे म्हणतोय, कारण याच बोटभर रिकाम्या जागेवरून आमच्या घरात आठ वर्षं वाद चालू आहे.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, २४ वर्षं. शेवटची पोस्टिंग देवळालीला झाली आणि नंतर इथेच लॅम रोडला घर बांधलं. रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या काचा अजून वाजतात.

२०१७ च्या उन्हाळ्यात साडूंकडे ओहायोला गेलो होतो. इंजिनिअर माणूस, गॅरेजमध्ये स्वतः काडतुसं भरतात, तिकडे त्याला मनाई नाही. त्यांच्याकडे .४५-७० ची जुनी एकबारी रायफल. हे काडतूस १८७३ चं. त्यातला ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू, म्हणजे पुंगळी काठोकाठ. आजची बिनधुराची दारू त्यात थोडीशीच लागते, आणि खांद्याला झटका नको म्हणून साडूंनी ती आणखी कमी केलेली. मग ती आत इकडून तिकडे लोळायची. नळी खाली केली की दारू गोळीकडे, वर केली की बुडाच्या प्रायमरकडे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीकडे. त्यामुळे एकाच वजनाच्या दोन काडतुसांचा वेग सारखा येत नव्हता. अडचण खरी होती, ते मी तेव्हाही मान्य केलं होतं.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा: दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चकती पाडायची आणि पेन्सिलीने दारूवर घट्ट दाबायची. चकती आणि गोळीचं बूड यांच्यात अर्धा इंच पोकळी तशीच. मी म्हटलं, ही काढा. तर म्हणाले, "बाराबोअरच्या छर्र्यांच्या बंदुकीला वॅड, म्हणजे मधली चकती, असतेच की. आणि तुमच्या देवळालीत तोफेचा चार्ज, म्हणजे दारूचं माप, कमी करताना दारूच्या पिशव्या काढतात, तेव्हा जागा रिकामी राहत नाही का?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आज देतो. बाराबोअरमध्ये वॅडखाली दारू आणि वॅडवर छर्रे, सगळं एकमेकाला चिकटून. वॅडला धावायला जागाच नसते. तोफेत कमी चार्जचे दाब कारखान्यात तपासून, तक्ते बांधून मग तोफखान्याकडे येतात. साडूंच्या पुंगळीत मात्र चकतीला अर्ध्या इंचाची धाव मिळत होती. दारू पेटली की ती सुसाट पुढे जाते आणि जागेवर बसलेल्या गोळीच्या बुडावर आदळते. त्या क्षणी तिथल्या तिथे दाब असा उसळतो की चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाचं, पोलाद बाहेर फुगतं आणि गोल वेढा पडतो. यालाच रिंग पडणं म्हणतात. अमेरिकेत चार्ल्स डेल यांनी मुद्दाम प्रयोग करून असे वेढे पाडून दाखवले आहेत.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. यातच माणूस फसतो. तिसऱ्या दिवशी पुंगळी बाहेर निघेना. साफ करताना चिंदी एका जागी सैल पडली आणि पुढे पुन्हा घट्ट झाली. नळी उजेडाकडे धरली तर आत काळसर कडं. मी त्यांचाच व्हर्नियर घेऊन न झाडलेल्या काडतुसात गोळीचं बूड कुठे येतं ते मोजलं, मग झाडलेल्या पुंगळीवरचा फुगवटा मोजला. दोन्ही एकाच जागी.

तरी २०१९ ला गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, साडू म्हणाले की यांनी साफ करायचा रॉड घालून माझी रायफल खराब केली. रॉडने नळीचं तोंड झिजतं, आतले आटे ओरबाडले जातात, हे मी शेकडो रिक्रुटांना शिकवलंय. पण रॉडने पोलाद बाहेर फुगत नाही. २४ वर्षांत माझ्या हातून एकही हत्यार बिघडलं नाही आणि ते वाक्य मला अजून टोचतं.

तुमच्या डॅक्रॉनकडे येतो. चकती आणि सैल पुंजका यांत फरक आहे. पुंजका दारूपासून गोळीपर्यंतची सगळी जागा भरत असेल तर तो दारूला नुसता धरून ठेवतो, आणि तसं वापरणारे पुष्कळ आहेत. पण तोच पुंजका खाली दाबून बसवला आणि वर पोकळी राहिली की त्याची चकतीच झाली. क्लबातले लोक हे सांगतात का, ते विचारा. रव्याच्या नादी तर लागूच नका. तिकडे क्रीम ऑफ व्हीट घालतात, तो आपला रवाच. .३०३ च्या पुंगळीला खांदा आणि अरुंद गळा असतो, तिथे दाणे बोळ्यासारखे अडकतात. रव्याचं वजन गोळीच्या वजनात मिळून दाब वाढतो, आणि ओल लागली की त्याचा गोळा होतो. कुणी म्हणेल, .३०३ मध्ये पूर्वी कॉर्डाइटवर, म्हणजे काड्यांच्या रूपातल्या बिनधुराच्या दारूवर, पुठ्ठ्याची चकती असायचीच. असायची, पण कॉर्डाइटच्या काड्यांनी पुंगळी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली असायची.

म्हणून दारू बदला. ट्रेल बॉस नावाची दारू मिळाली तर ती मुळातच फुगीर, कमी वजनात जास्त जागा व्यापते. फक्त ती दाबून भरायची नाही. एच ४८९५ या दारूबद्दल ती विकणारी हॉजडन कंपनीच सांगते की कमाल चार्जच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. आकडे दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्या, माझ्याकडून किंवा क्लबातून नाही. मंद जळणारी दारू मात्र कधीही थोडी भरू नका, त्यात अचानक भलता दाब होऊन रायफली फुटल्या आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. दारू कमी असली की चुकून दोनदा भरली तरी पुंगळीत मावते, म्हणून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या उजेडात ओळीने लावून आत बघा. आणि बार फुसका वाटला तर पुढची गोळी झाडण्याआधी नळीतून आरपार दिसतंय का ते पाहा; तांब्याच्या आवरणाची गोळी हलक्या चार्जला नळीतच अडकते. भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बनवण्याच्या वेगळ्या परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, बंदूक बाळगण्याचा परवाना असला तरी.

त्या पुंगळीचे आणि व्हर्नियरच्या मापाचे फोटो माझ्याकडे आहेत. साडूभाऊ हे वाचत असतील तर त्यांनी दिवाळीला नाशिकला आल्यावर ते पाहावेत, मी समोर बसून दाखवीन.