जागतिक अर्थस्थिती सतत बदलत असताना गुंतवणुकीची संधी कशी पारखावी?

आपला प्रश्न असा आहे की, व्याजदर, आयातशुल्क आणि चलनांचे भाव एकाच वेळी हलत असताना हाताशी असलेली रक्कम परदेशी समभागांचा फंड, दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा फंड आणि सोने यांपैकी कशात घालावी, की जगाची घडी बसेपर्यंत थांबावे. रकमेचा काही भाग तीन वर्षांत लागणार आहे, असेही आपण लिहिले आहे.

थांबण्याविषयीचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. घडी बसल्याचे सर्वांना दिसू लागते, तेव्हा ते भावात आधीच उतरलेले असते. मार्च २००९ मध्ये अमेरिकी शेअर बाजाराने तळ गाठला, त्या वेळी तिथली बेरोजगारी अजून वाढतच होती. ऑक्टोबरमध्ये ती १० टक्क्यांवर पोहोचली, तोवर एस अँड पी ५०० हा निर्देशांक तळापासून ५० टक्क्यांहून अधिक वर आलेला होता.

त्यामुळे जग कुठे चालले आहे, हा प्रश्न मी आता बाजूला ठेवतो आणि समोरची संधी नेमकी कशाच्या आधारावर उभी आहे, एवढेच शोधतो. हे मी पैसे घालवून शिकलो. २०२० च्या अखेरीस मी दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या एका फंडात बरीच रक्कम ठेवली. रोखे सरकारी आहेत, मग मुद्दलाला धक्का कसला, अशी माझी समजूत होती. फंडातला एकही रोखा थकला नाही, व्याजही वेळेवर आले, आणि तरीही दोन वर्षांनी विवरण उघडले तेव्हा माझी रक्कम ठळकपणे घटलेली होती. ती गुंतवणूक सरकारच्या पतीवर जेवढी उभी होती, त्याहून जास्त व्याजदर खालीच राहतील या गृहीतकावर उभी होती, आणि मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. दर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा बाजारभाव पडतो. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये ०.८५ टक्के व्याजाचा शंभर वर्षे मुदतीचा रोखा विकला होता. ऑस्ट्रियाच्या पतीला काहीही झाले नाही, पण पुढे त्या रोख्याचा बाजारभाव निम्म्याहून खाली गेला.

म्हणून रोख्यांच्या फंडाचे मासिक पत्रक उघडून त्यात ‘ड्युरेशन’ हा आकडा आधी पाहावा. तो ८ असेल, तर बाजारातील व्याजदर १ टक्क्याने वाढल्यावर फंडाचे मूल्य साधारण ८ टक्क्यांनी घटते आणि दर उतरल्यास जवळपास तेवढेच वाढते. एवढी घट सोसण्याइतकी मुदत आपल्याजवळ नसेल, तर पत्रकावरचा ‘सरकारी’ हा शब्द आपल्या कामाचा नाही. शेअर पडले की रोखे सावरून घेतात, हा भरवसाही मर्यादितच ठेवावा, कारण २०२२ मध्ये महागाईने दोन्ही एकत्रच खाली ओढले.

परदेशी समभागांच्या बाबतीत बहुतेक जण देशाच्या प्रगतीकडे पाहतात आणि आपण कोणत्या भावाला घेत आहोत, ते पाहायचे विसरतात. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९०० च्या पुढे बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मधल्या काळात जपानी कंपन्यांनी जगभर उत्तम माल विकला. पण शिखरावर घेणाऱ्याने त्या यशाची किंमत कित्येक पटींनी आगाऊ मोजली होती. दुसरा हिशेब चलनाचा. समभाग त्यांच्या चलनात १० टक्क्यांनी वाढले आणि ते चलन आपल्या चलनाच्या तुलनेत १२ टक्क्यांनी घसरले, तर १.१० गुणिले ०.८८ म्हणजे ०.९६८, अर्थात तीन टक्क्यांहून अधिक तोटा. शिवाय पैसे बाहेर काढता येतील ना, हेही पाहावे लागते. २०२२ मध्ये रशियन समभाग बाळगणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांना ते विकताच आले नाहीत, आणि जगभरच्या बाजारांचे निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय या कंपनीने आपल्या निर्देशांकांतून ते जवळपास शून्य किमतीने वगळले.

सोन्याविषयी मी थोडा सावध आहे. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरच्या आसपास गेले, आणि तो भाव पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडले. मधल्या २८ वर्षांची महागाई मोजली, तर तोटा किती खोल होता हे लक्षात येईल. अलीकडच्या तेजीला मात्र ठोस कारण आहे. २०२२ मध्ये रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेल्यावर अनेक देशांना डॉलरमधील साठ्याची धास्ती वाटू लागली, आणि २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी एक हजार टनांहून अधिक सोने घेतले.

आपल्या रकमेपुरते सांगायचे, तर तीन वर्षांत लागणारा भाग या तिन्हींपैकी कशातही घालू नये. तो त्याच मुदतीच्या ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या रोख्यांत ठेवावा, व्याज कमी मिळाले तरी चालेल. उरलेल्यातील मोठा हिस्सा मी एकाच देशावर न विसंबणाऱ्या समभागांच्या फंडात वर्षभर हप्त्याहप्त्याने घातला असता. बाजार चढता असेल तर एकरकमी गुंतवणूक गणिताने सरस ठरते, हे मला मान्य आहे. पण पहिल्याच पडझडीत सगळे विकून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. सोने दहा टक्क्यांच्या आत असावे. खरेदीपूर्वी आपला अंदाज चुकला हे कशावरून ओळखायचे, ते मी वहीत एका ओळीत लिहून ठेवतो. सोन्यापुढे सध्या असे लिहिले आहे: ‘मध्यवर्ती बँकांची खरेदी सलग दोन वर्षे आटली, तर हिस्सा निम्म्यावर आणणे.’