चाळिशीतली नवी सुरुवात

प्रश्न : मुलगा पाश्चात्त्य अभिजात संगीतरचना शिकला. दोन वर्षं त्यानं एक ओळही लिहिलेली नाही. करिअर संपलं का? (एक आई, पुणे)

उत्तर : ताई, मुळीच नाही. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त बघा, जन्म १९३५ चा. रेडिओत ध्वनिमुद्रणाची नोकरी केली, चित्रपटांना संगीत दिलं. १९६८ मध्ये ‘क्रेडो’ या धार्मिक रचनेमुळे सोव्हिएत सत्तेची खप्पामर्जी झाली; एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. पुढं कितीतरी वर्षं फारच थोडं लिहिलं. जुनं चर्चसंगीत मात्र जीव ओतून अभ्यासलं. आणि १९७६ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पियानोसाठी ‘फ्युर अलीना’ : एका हातात चाल, दुसऱ्यात एकाच त्रिस्वरीचे, म्हणजे तीन सुरांच्या गटाचे, सूर. इतकंच! मला ते आजही हलवून सोडतं. जगभर ऐकली जाणारी त्यांची शैली इथून सुरू झाली.

मुलगा सध्या कुणाच्या रचना अभ्यासतोय, ते त्याला विचारा.