दृष्टिबाधित आणि दिव्यांग वाचकांसाठी ग्रंथालय : तुमचे प्रश्न

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत तेच गैरसमज पुन्हा पुन्हा भेटतात. नजर अधू झाली म्हणजे वाचन संपलं. ब्रेल येत नसेल तर दुसरा उपाय नाही. पुस्तकं स्कॅन केली म्हणजे ती सगळ्यांना वाचता आली. म्हणून या वेळी मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची काही पत्रं एकत्र घेतली आहेत. मी ग्रंथपाल आहे, डॉक्टर नाही. डोळ्यांचं जे लिहिलं आहे ते वाचकाला वेळेवर योग्य माणसाकडे पोचवण्यापुरतं आहे.

वडील ७४ वर्षांचे आहेत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. ते भिंग घेऊन पेपर वाचायचे. वाचल्याने उरलेली नजरही जाते असं शेजारी म्हणाले, म्हणून आम्ही पेपर बंद केला. बरोबर केलं ना? (गुहागर)

नाही. उद्या सकाळपासून पेपर पुन्हा सुरू करा. वाचल्याने डोळे थकतात, पाणी येतं, कधी डोकं दुखतं. थोडी विश्रांती घेतली की ते थांबतं. पडद्याची झीज वाचण्यामुळे वाढत नाही. ही ऐकीव गोष्ट गावोगाव इतकी पक्की बसली आहे की काळजीपोटी घरचेच म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं पुस्तक काढून घेतात. मग तो दिवसभर नुसता बसून राहतो आणि सगळे म्हणतात, हल्ली फार चिडचिड करतात.

आपल्याकडची माजघरं अंधारी असतात. वडिलांची खुर्ची पडवीत आणा. दिवा लावायचा तर तो डोळ्यांसमोर नको, खांद्याच्या मागून थेट पानावर प्रकाश पडेल असा हवा. भिंग किती शक्तीचं हवं हे दुकानदार ठरवू शकत नाही, त्यासाठी लो व्हिजन तपासणी, म्हणजे उरलेल्या नजरेची तपासणी असते. तुमच्या नेत्रतज्ज्ञांकडून तिथली चिठ्ठी मागून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. दाराची चौकट किंवा वहीची ओळ अचानक वाकडी दिसायला लागली, किंवा नजरेच्या मधोमध डाग आला, तर गणपती होऊ देत, भातकापणी उरकू दे, असं म्हणत थांबू नका. लगेच रेटिनातज्ज्ञ, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर गाठा. या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर टिकवता येते, पण उशीर झाला तर गेलेली नजर परत आणणं अवघड असतं.

मी ५२ वर्षांची आहे, मधुमेहामुळे नजर कमी झाली. आता ब्रेल शिकावंच लागेल का? (मालवण)

नाही. आवड असेल तर जरूर शिका. मधुमेहात कधी कधी बोटांच्या टोकांची संवेदनाही कमी होते, त्यामुळे आधी डॉक्टरांना बोटं दाखवा. तोवर ऐकून वाचायला सुरुवात करा. रेटिनाची ठरलेली तपासणी मात्र एकदाही चुकवू नका.

माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ३० टक्के लिहिलं आहे. ४० टक्के असल्याशिवाय बोलकी पुस्तकं मिळत नाहीत असं एक एजंट सांगतो. टक्के वाढवून कार्ड काढून देण्याचे तो पैसे मागतो आहे. (दापोली)

त्याला एक रुपयाही देऊ नका. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, सरकारी संकेतस्थळावर स्वतः अर्ज करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. टक्के ठरवणं हे वैद्यकीय मंडळाचं काम आहे. खोटा दाखला पुढे तुमच्याच अंगाशी येईल.

४० टक्क्यांची अट नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतींना आहे. वाचनाला नाही. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली जे कलम घातलं, ५२ (१) (झेडबी), त्यात टक्क्यांचा उल्लेखच नाही. अपंगत्वामुळे नेहमीच्या छापील रूपात पुस्तक वाचता येत नाही, एवढंच तिथे महत्त्वाचं आहे. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घेताना छापील मजकूर वाचता येत नाही याचा पुरावा मागतात. कोणता कागद चालेल ते नोंदणी करणाऱ्या संस्थेलाच विचारा.

आईला पक्षाघात झाला, उजवा हात चालत नाही. डोळे उत्तम आहेत, पण पुस्तक धरता येत नाही. पान उलटायलाही मी लागते. ही सेवा फक्त अंधांसाठी असते का? (लांजा)

नाही. छापील पुस्तकाशी संबंध तुटण्याची कारणं पुष्कळ आहेत, अंधत्व हे त्यातलं एक. भारताने २०१४ मध्ये ज्याला मान्यता दिली, आणि ती देणारा जो पहिला देश ठरला, त्या मराकेश कराराची, म्हणजे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकं मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराची, व्याख्या पाहा. शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही, किंवा पानावर नजर फिरवता येत नाही, ते सगळे त्यात येतात. तुमच्या आई त्यात बसतात.

साधा उपाय आधी करून पाहा. पोथीच्या लाकडी व्यासपीठावर पुस्तक उघडं ठेवा आणि दोन्ही बाजूंची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा. डाव्या हाताच्या अंगठ्याला बँकेत नोटा मोजताना वापरतात तशी रबरी टोपी घातली तर पान उलटतं. हे जमलं तर त्यांना तुमची वाट पाहत बसावं लागणार नाही. नाही जमलं तर बोलकी पुस्तकं आहेतच.

पण तुमच्या पत्रातला उजवा हात वाचून मी थबकलो. उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूचा डावा भाग दुखावलेला असतो, आणि बहुतेकांची भाषा त्याच भागात असते. अशा रुग्णांना काही वेळा अक्षरं स्पष्ट दिसतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही, आणि ते कुणाला सांगताही येत नाही. आई पुस्तक समोर धरून एकाच पानावर बराच वेळ थांबतात का, ते पाहा. तसं असेल तर स्टँड किंवा ऑडिओ हा उपाय नव्हे. न्यूरॉलॉजिस्टना सांगून वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि लवकर दाखवा.

आमच्या वाचनालयाने जुन्या स्मरणिका आणि दुर्मिळ पुस्तकं एका कंपनीकडून स्कॅन करून घेतली. अहवालात 'दिव्यांगांसाठी डिजिटल ग्रंथालय' असं लिहिलं. आता एक दृष्टिहीन सभासद म्हणतो की यातलं काहीच वाचता येत नाही. त्याच्या मोबाइलमध्ये दोष असेल का? (राजापूर तालुका)

त्याच्या मोबाइलमध्ये दोष नाही. तुमच्या फाइलींमध्ये आहे.

स्कॅन केलेलं पान हा फोटो असतो. तुम्हाला त्यात मजकूर दिसतो, पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे मोबाइलमधल्या टॉकबॅकला किंवा संगणकावरच्या एनव्हीडीएला, तिथे एकही अक्षर सापडत नाही. तो सभासद फाइल उघडतो आणि त्याला 'इमेज' किंवा 'रिकामं पान' एवढंच ऐकू येतं. असं शेकडो पानं.

तुम्हीच आज तपासून पाहा. पीडीएफ उघडा, एका ओळीवर बोट दाबून ती निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. ओळ निवडली गेली पण पाठवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर मजकूर डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे. (युनिकोड म्हणजे मराठी अक्षर कुठल्याही संगणकात मराठीच राहील अशी साठवण्याची पद्धत.) अशा फाइलीत पडद्यावर 'समुद्र' दिसतो, पण आत साठवलेले असतात रोमन अक्षरांचे संकेतांक. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते संकेतांक वाचतं आणि ऐकणाऱ्याला अर्थहीन आवाज ऐकू येतात. ओळ जशीच्या तशी मराठीत उतरली, तरच ती फाइल तुमच्या सभासदाच्या उपयोगाची.

ही चूक फक्त तुमच्या वाचनालयाची नाही. जुन्या फाँटमध्ये अजूनही नव्या स्मरणिका निघतात, परिपत्रकं निघतात, शाळांचे अंक निघतात. डीटीपीवाला म्हणतो, आमच्याकडे असंच करतात. समिती म्हणते, छापून छान आलं ना. आणि नंतर हीच मंडळी सांगतात की आमच्याकडे दृष्टिहीन वाचक येतच नाहीत. ते कशासाठी येतील? त्यांना वाचता येईल अशी एक ओळ तरी तुम्ही ठेवली आहे का?

विक्रेते याच अज्ञानाचा फायदा घेतात. 'ओसीआर केलेलं आहे', म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून मजकुरात उतरवली आहेत, असं सांगतात, पण मराठीचं ओसीआर तपासल्याशिवाय वापरता येत नाही. जुन्या छपाईत घ आणि ध, भ आणि म यांची सर्रास अदलाबदल होते. 'घर' चं 'धर' होतं, 'भात' चा 'मात' होतो. रफार गळतो, जोडाक्षरं तुटतात. म्हणून तपासणी कानाने करा. एकाने संगणकाला वाचायला लावायचं आणि दुसऱ्याने मूळ पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचं. कॉलेजमधली मुलं हे काम चांगलं करतात.

स्कॅनिंग वाया गेलं असं मी म्हणत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं आणि ग्रंथ भिजले. जतनासाठी स्कॅन कराच. फक्त त्याला दिव्यांगांसाठीचं ग्रंथालय म्हणू नका, आणि अहवालातलं ते वाक्य दुरुस्त करा. पुढच्या करारात 'युनिकोड मराठीत, शब्द शोधता येईल असा, तपासलेला मजकूर' ही अट लिहा आणि नमुन्याची पानं पास झाल्याशिवाय बिल देऊ नका. सगळी कपाटं एकदम हाती घेऊ नका. ज्या सभासदाने तक्रार केली त्याला आधी भेटा, त्याला कोणतं पुस्तक हवं आहे ते विचारा आणि तिथून सुरुवात करा. फाइल तयार झाली की तीही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

वाडीतल्या अंध मुलीसाठी मी कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करते. सगळे म्हणतात यूट्यूबवर टाक. टाकू का? (देवरुख)

यूट्यूबवर टाकू नका. तिला खुशाल द्या. वर सांगितलेलं स्वामित्व हक्क कायद्यातलं कलम तुम्हाला तेवढी परवानगी देतं, लेखक-प्रकाशकाला विचारावं लागत नाही. अट अशी की त्यात नफा घ्यायचा नाही आणि प्रत अपंग वाचकांपुरतीच राहील याची काळजी घ्यायची. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की ती अट मोडली. ही रेकॉर्डिंग इतर दृष्टिहीन वाचकांनाही मिळावीत असं वाटत असेल तर दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेला विचारा, आणि पुढची पुस्तकं त्यांच्या सल्ल्याने निवडा. रेकॉर्ड करताना पानांचे आकडे आणि प्रकरणांची नावं मोठ्याने वाचा. शाळेत 'पान ४० काढा' म्हटल्यावर तिलाही ते सापडलं पाहिजे.

वाचून दाखवणारा चष्मा एका प्रदर्शनात पाहिला. किंमत फार आहे, पण विक्रेता म्हणतो आजच घेतला तर सूट. (सावंतवाडी)

आज घेऊ नका. चष्मा घरी आणून, मोबाइलला रेंज नसताना, मराठी पेपरचा आतला बारीक टाईप त्याच्यासमोर धरून पाहू द्या म्हणावं. प्रदर्शनात इंग्रजी ठळक अक्षरं सगळेच वाचून दाखवतात. तुमच्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून आहे, फुकट आहे. आधी तो शिका. साधनासाठी ॲडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून किंवा ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीतून मदत मिळते का, ते समाजकल्याण विभागात आणि ग्रामसेवकांकडे विचारा. त्याआधी पैसे मोजू नका.

शाळेतली ब्रेल पुस्तकं पावसाळ्यात सादळली, टिंब बसली. इस्त्री फिरवून कागद सरळ करावा का? (वेंगुर्ला)

इस्त्री अजिबात नको, उरलेली टिंबंही जातील. पुस्तकं एकावर एक रचू नका, उभी ठेवा, पण दाटीवाटीने नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर दमटपणा आतच अडकतो. बुरशी आली असेल तर मास्क लावून बाहेर अंगणात मऊ ब्रशने झाडा, दमा असलेल्या मुलांना लांब ठेवा. टिंब बसलेली पानं पुन्हा छापूनच घ्यावी लागतात. कोणती घ्यायची हे रोज त्यावर बोट फिरवणाऱ्या मुलांना विचारा.

वाचनालयाचं जोतं दोन फूट उंच आहे, पायऱ्या जांभ्याच्या. मिस्त्री सहा फुटांचा रॅम्प करतो म्हणतो. (संगमेश्वर)

सहा फुटांत होणार नाही. उंचीच्या निदान बारा पट लांबी लागते, म्हणजे कमीत कमी चोवीस फूट. तीव्र उतारावर चाकाची खुर्ची मागे येते, आणि पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर तर माणूस पडणारच. जागा नसेल तर रॅम्पला वळण द्या. दोन्ही बाजूंना कठडा हवा. काम सुरू करण्याआधी इंजिनिअरना आणि खुर्चीवरून येणाऱ्या एखाद्या सभासदाला जागेवर बोलवा.

ब्रेल पुस्तकं पोस्टाने मागवली तर टपालखर्च किती? (मुरुड)

काही नाही. अंध साहित्याच्या पाकिटाला ७ किलोपर्यंत टपाल माफ आहे. उघडून पाहता येईल असं बांधा, वर 'अंध साहित्य' असं ठळक लिहा आणि काउंटरवर नियम माहीत नसेल तर पोस्टमास्तरांना भेटा.