परसातल्या गावठी कोंबड्या एकामागून एक मरत आहेत. उरलेल्या कशा वाचवाव्यात?

ऐरोलीत रो-हाउसच्या मागे आठ कोंबड्या पाळल्या, त्यांतील तीन आठवड्याभरात दगावल्या, उरलेल्यांना कोणते औषध द्यावे आणि दर वेळी इतके वाईट वाटू नये म्हणून काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत "गावठी असल्याने लस दिली नव्हती" असेही सहज लिहून टाकले आहे. मी उत्तर लिहायला बसले ती या एका वाक्यामुळे, कारण घणसोली गावठाणातल्या आमच्या घरात हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे.

औषधाचा भाग लहान आहे, तो आधी संपवते. कोंबड्यांना झपाट्याने मारणारे बरेचसे रोग विषाणूंचे असतात. त्यांवर औषध नसते, लस असते, आणि ती रोग येण्याआधी द्यावी लागते. दुकानदार पाण्यात मिसळायला जी प्रतिजैविकाची पुडी देतो, तिने विषाणूचे काहीही बिघडत नाही. आज तुमच्या हातात एवढेच आहे की, जी कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली आहे तिला ताबडतोब वेगळी करावी, धडधाकट कोंबड्यांचे दाणापाणी आधी आणि आजारी कोंबडीचे मागून करावे, आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवावी.

आता गावठीचे. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांचे मत असे की गावठी कोंबडीला काही होत नाही, लस ही पोल्ट्रीवाल्यांची गरज आहे. आमचे परस सामाईक होते आणि कोंबड्या एकत्रच चरत. ओळख पटावी म्हणून माझ्या कोंबड्यांच्या पायांत लाल दोरा असे. माझ्या कोंबड्यांना मी राणीखेत या विषाणूच्या रोगाची लस देत असे आणि दादा स्वतःच्या कोंबड्यांना हातही लावू देत नसत. एका चैत्रात एकवीरेच्या यात्रेसाठी त्यांनी नवसाचा कोंबडा बाजारातून आणला आणि तो परसात, नेमका कोंबड्यांच्या पाण्याच्या कुंडीजवळ, दोरीने बांधला. हा कोंबडा कार्ल्याला जाईपर्यंत गच्चीवर डालग्याखाली ठेवू या, असे मी स्पष्ट सांगितले होते. तो डोळे मिटून पेंगत होता आणि दाणे टिपण्याऐवजी नुसते उडवत होता. दादा म्हणाले, उन्हाने सुस्तावला आहे, आणि पुढे ते नेहमीचे वाक्य: "गावठीला काय नाय व्हत."

कोंबडा देवीच्या दर्शनाला गेला आणि आमच्या परसात राणीखेत ठेवून गेला. प्रथम दादांची एक कोंबडी पंख ढाळून बसली, तिला हिरवट-पांढरी पातळ हगवण लागली, चोच उघडी ठेवून ती श्वास ओढू लागली आणि तिच्या घशातून घरघर ऐकू येऊ लागली. मग दुसरी, मग तिसरी. ज्या चटकन मेल्या नाहीत त्यांच्या माना पिळवटल्या आणि त्या स्वतःभोवती गोल फिरत राहिल्या; या रोगाला मानमोडी का म्हणतात ते ज्याने पाहिले आहे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. मी एक मेलेली कोंबडी पिशवीत गुंडाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती उघडली आणि पेषणीच्या अलीकडे जे जठर असते त्याच्या आतल्या बाजूचे रक्ताचे बारीक ठिपके मला दाखवले.

घरी परतले तेव्हा अजून जिवंत असलेल्या कोंबड्या कापायला दादा सुरी घेऊन निघाले होते, कारण मरायच्या आत कापल्या तर निदान पैसे तरी वसूल होतात, ही गावातली जुनी पद्धत आहे. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा आडवी गेले. आजारी कोंबडी कापली की तिचे रक्त, पिसे आणि आतडी नळाखालून गटारात आणि तिथून शेजारच्या परसात जातात. वर चार घरी वाटे पाठवले की साथ आपण हाताने घरोघर पोचवतो. मेलेल्या कोंबड्या खाडीत टाकण्याचाही बेत होता. ज्या ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तिच्या काठी कावळ्यांना आणि कुत्र्यांना मेजवानी मांडायची, हे मला पटले नाही. शेवटी कंबरेइतका खड्डा खणून, चुना पसरून आम्ही त्या पुरल्या.

दादांच्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या गेल्या. लाल दोऱ्याच्या राहिल्या, एक सोडून. त्यानंतर आजतागायत दादांचे म्हणणे असे की, माझ्या कोंबड्या तरुण होत्या म्हणून वाचल्या. हे उत्तर त्यांच्याही नजरेस पडेल अशी आशा आहे, म्हणून इथे लिहून ठेवते: राणीखेत कोवळ्या वयाच्या पक्ष्यांना अधिक मारतो, कमी नाही. आणि "पूर्वी कुठे लस होती" या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, पूर्वीही साथीत खुराडीच्या खुराडी रिकामी होत. फक्त आमच्या आजेसासूबाई उरलेली एखादी खुडूक कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसवत, पावसाळ्यानंतर परस पुन्हा पिलांनी भरे, आणि मेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नसे. गावठी कोंबडी ऊन आणि उकिरडा चांगला सोसते, हे मला मान्य आहे; पण या विषाणूपुढे तिच्या गावठीपणाची पत्रास नाही.

राणीखेतच्या लसीचे साधे गणित असे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास याच रोगाची आर-टू-बी लस टोचून. बाटली सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून आठ कोंबड्यांसाठी ती परवडत नाही ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे आळीतल्या सर्वांनी एकाच संध्याकाळी जमणे. थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची आणि दारोदार फिरायचे. आमच्याकडे हल्ली तसेच होते. त्या संध्याकाळी दादाही आपले डालगे घेऊन रांगेत उभे असतात आणि "तुमच्या समाधानासाठी" असे म्हणतात. नवीन पक्षी आणला तर तो निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, कारण या रोगाचा सुप्तकाळ जास्तीत जास्त २१ दिवस धरतात. तुमचे खुराडे ज्या परसात आहे तिथे पाहुण्यांच्या चपला आणि बाजारातला पिंजरा आत येऊ देऊ नका, मग पाहुणा कितीही थोर असो.

बाकीचे थोडक्यात. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट, म्हणून खुराड्यात अंथरलेले तूस ओले राहते आणि पिलांना रक्ती हगवण लागते. तूस रोज खालीवर करावे, भिजलेले काढून टाकावे. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवावेत, पण सुक्या मासळीचे खारट उरलेसुरले कोंबड्यांना घालू नये, कारण जास्त मीठ त्यांना विषासारखे बाधते. मुंगूस आणि घूस यांच्यासाठी जाळी अर्ध्या इंचाची हवी आणि ती जमिनीत गाडलेली हवी.

वाईट वाटण्याचे विचारले आहे. लाल दोऱ्याची जी एक गेली ती कवडी, सासूबाईंच्या हातची शेवटची कोंबडी. मी त्या रात्री जेवले नाही आणि दादांनी विचारले की कोंबडीचे सुतक धरले आहेस काय. माझे मत असे की, जो रोज पहाटे खुराडे उघडतो त्याला वाईट वाटणारच, आणि त्याच घरात रविवारी मटणाऐवजी कोंबडी शिजते म्हणून ते खोटे ठरत नाही. वाईट वाटू नये यासाठी उपाय शोधू नका. त्याऐवजी खुराडे रिकामे करून धुवा, चुना लावा, उन्हात उघडे टाका, आणि तीन-चार आठवडे नवीन कोंबड्या आणू नका. घाईने रिकामी जागा भरणारा माणूस दुसऱ्यांदाही रडतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. कवडीलाही ती दिलेली होती, आणि दादा हे मला दर सणाला ऐकवतात. दुसरे म्हणजे, तुमच्याकडे राणीखेतच आहे असे मी म्हणत नाही, कारण कोंबड्या कशा मेल्या ते तुम्ही लिहिलेलेच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणमधील चिरनेर येथे बर्ड फ्लू आढळला होता, आणि नुसत्या डोळ्यांना तो राणीखेतहून वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे पुढची कोंबडी मेली तर हातमोजे आणि मास्क घालून ती दुहेरी पिशवीत बांधा, बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पुरण्याची घाई त्यानंतर.